पुढचा गिअर तयार

लेत्रासच्या खिंडीत गुळाचं गरम पाणी प्यायला ते दोघं थांबले, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पाच वाजता खाली मारिकीताच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा होता. बाळ योर्लेनीच्या आत्याचं, आणि योर्लेनी त्याची धर्ममाता. सोळा वर्षांच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट तिच्यावर कुणी सोपवली नव्हती. ती जाऊन उभी राहिल्याशिवाय पाद्री बाळाच्या डोक्यावर पाणी घालणार नव्हते. आई दोन दिवस आधीच खाली गेली होती. बाप्तिस्म्याची पांढरी मेणबत्ती योर्लेनीने टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली होती, मोडू नये म्हणून.

"पोचू गं," तिचे पप्पा, हिल्दार्दो, चीजचा तुकडा पेल्यात बुडवत म्हणाले. "सगळा उतारच आहे. आणि आपल्याला करायचंय काय? गाडीच करते सगळं."

वीस वर्षं त्यांनी जीप चालवली होती. मळ्यातून गावात कॉफीची पोती, पोत्यांवर माणसं, माणसांवर कोंबड्या. दुरुस्त करून नव्याने रंगवलेली ही गाडी घेऊन तीनच दिवस झाले होते. तिला क्लचचं पायडल नव्हतं, तरी पप्पांचा डावा पाय सारखा काहीतरी चाचपत राहायचा.

"पप्पा, पाय बांधून ठेवू का तुमचा?"

"गप गं. सवय आहे त्याची. म्हातारं कुत्रं कसं जुन्या दारात जाऊन बसतं..."

गाडी विकणाऱ्याने योर्लेनीसमोरच सगळं समजावलं होतं. आत क्लच दोन. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. दांडी 'डी'वर ठेवली की झालं. तिसऱ्यावर चालत असताना दुसऱ्या क्लचवर चौथा आधीच तयार असतो. तुम्ही आता काय करणार, याचा ती अंदाज बांधते.

"म्हणजे हिच्या आईसारखी, आमच्या ओफेलियासारखी," पप्पा म्हणाले होते. "मी तोंड उघडायच्या आत उत्तर तयार."

विकणारा हसला होता. "शिकतेसुद्धा. चालवणाऱ्याच्या सवयी उचलते. आधीचा मालक शांत माणूस होता, रोज ह्याच घाटाने कामाला जायचा."

"मग विकली का?"

"आता तो चालवत नाही," एवढंच बोलून तो कागदांकडे वळला होता.

खिंड ओलांडली आणि धुकं आलं. गाडीच्या नाकापुढे आठ-दहा हात रस्ता, त्यापलीकडे काही नाही. पप्पांनी दिवे लावले, खिडकी थोडी खाली केली आणि अगदी सहज दांडी पुढे ढकलून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली.

"पप्पा! त्यांनी सांगितलंय ना, उतारावर न्यूट्रल करू नका म्हणून."

"उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं? ह्या डोंगरात सगळे असेच उतरतात. माझा बाप असाच उतरला."

गाडी घरंगळत राहिली. पप्पा दर वळणावर ब्रेक दाबत होते. सहा-सात किलोमीटर गेल्यावर योर्लेनीच्या नाकात वास शिरला, तव्यावर रबर ठेवल्यासारखा. पप्पांनाही आला. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, पाय नेहमीपेक्षा खोल गेला. त्यांनी दांडी पुन्हा 'डी'वर आणली.

त्यानंतर गाडी इतकी छान चालली, की योर्लेनीने बराच वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या मधोमध एक छोटा आकडा दिसायचा. कुठला गिअर पडलाय तो. ती त्याच्याकडे बघत बसली. चार. तीन. मग धुक्यातून वळण पुढे यायचं. दोन. वळण संपायचं. तीन. पप्पांचा पाय ब्रेकवर जायच्या आधीच आकडा उतरत होता. एकदा सरळ रस्त्यावरच तो चारवरून दोनवर आला, इंजिन घुमलं, गाडी दबली, आणि समोर धुक्यातून एका थांबलेल्या ट्रकचा मागचा भाग वर आला.

पप्पांनी ट्रकला वळसा घातला. मग डॅशबोर्डवर हलकेच थाप मारली. "शाब्बास, पोरी! हिला रस्ता पाठ आहे गं."

"पण... हिला ट्रक कसा दिसला?"

"दिसला नसेल. तिथे रोजच कुणीतरी थांबत असेल."

आपण दिलेलं उत्तर त्यांना स्वतःलाच आवडलं नसावं, कारण त्यांनी डॅशबोर्डवरचा हात काढून घेतला. नुसती टायरांखालची ओली सळसळ येत होती. योर्लेनीने फोन पाहिला. रेंज नव्हती. साडेतीन वाजून गेले होते.

पुढे रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर दिसलं, बस थांबतात तसलं. खाली एक रिकामं बाकडं होतं. वळण नव्हतं, चढ नव्हता, पुढे कुणी नव्हतं. तरी आकडा उतरला. तीन, दोन, एक. गाडी माणसाच्या चालीने त्या छपराशी आली. एक श्वास आत घेऊन सोडावा, एवढाच वेळ ती जवळजवळ उभी राहिली. मग पुढे निघाली.

"तुम्ही ब्रेक दाबला?"

"नाही."

छपरानंतर छोटासा चढ होता. आकडा दोनवरच राहिला. इंजिन रडायला लागलं. पप्पांनी अॅक्सिलरेटर दाबला, तरी गाडी तिसरा घेईना. योर्लेनीने त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, पण त्यांचं लक्ष समोर नव्हतं. जीपमध्ये पोती चढवताना ते असेच बसायचे. मागे न बघता, एक हात स्टिअरिंगवर ठेवून. अंगाखालची सीट किती दबली, यावरून किती पोती झाली ते सांगायचे. कधी चुकायचे नाहीत.

"योर्ले," ते अगदी हळू म्हणाले, "मागे बघू नकोस."

"का...?"

"वजन आहे."

"मागे आत्याचा केक आहे ना..."

"केक नाही गं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "माणसाएवढं..."

तिने मागे पाहिलं नाही. पण मेणबत्ती धरलेल्या हातांवर काटा उभा राहिलेला तिला दिसला. गाडीत ओल्या लोकरीचा वास यायला लागला होता. धुक्यात बराच वेळ उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा.

चढ संपला. उतार सुरू झाला आणि आकडा वर जायला लागला. तीन. चार.

"पप्पा, वळण येतंय ना? पाटीवर होतं."

पप्पांनी ब्रेक दाबला. पाय पार तळाला टेकला आणि गाडी जराशीच अडखळली. त्यांनी दांडी बाजूला ओढून हाताने गिअर उतरवायचा प्रयत्न केला. आकडा क्षणभर दोन झाला. लगेच पुन्हा चार. मग पाच. इंजिनाचा आवाज बंद पडल्यासारखा मऊ झाला आणि गाडी उतारावर सुटली.

आतापर्यंत प्रत्येक वळणाआधी गाडीने वेग कमी केला होता. इथे ती करत नव्हती. ती रोजच्या माणसाच्या सवयीने चालत होती, आणि इथे त्या माणसाने शेवटच्या दिवशी काय केलं होतं, ते योर्लेनीला एकदम कळलं. शाळेत नाव पुकारलं तरी जिचा आवाज फुटत नसे, ती जिवाच्या आकांताने ओरडली, "त्याने इथे वळवलीच नव्हती, पप्पा! हिला पुढचं माहीत नाही!"

पप्पांनी हँडब्रेक उपटल्यासारखा खेचला आणि ब्रेक गेलेली जीप उतरवताना करतात तेच केलं. गाडी डोंगराला टेकवली. पत्रा खडकावरून किंचाळत गेला. आरसा तुटून उडाला. योर्लेनीच्या बाजूच्या काचेवर माती, मुळं, नेचे थडाथड आपटत राहिले. मग चाक गटारात उतरलं आणि सगळं थांबलं.

समोर पाच पावलांवर कठडा संपला होता. दोन खांबांच्या मध्ये नुसती पिवळी पट्टी बांधलेली होती. तिच्यापलीकडे पांढरं धुकं.

पप्पा उतरले. गाडी किंचित वर आली. योर्लेनीचं दार खडकाला लागलेलं, म्हणून तीही त्यांच्याच दारातून सरपटत बाहेर पडली. गाडी आणखी थोडी वर आली. पप्पांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि नुसतं "झालं, झालं" म्हणत राहिले.

वरून खडखडाट आला. दुधाचा ट्रक होता, मागे रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. गाडी बघून तो थोडा पुढे जाऊन थांबला. काचेतून घोंगडीसारखा पोंचो घातलेला जाडजूड माणूस डोकावला.

"उस्ताद, जिवंत आहात ना? काय, डोंगराचा मुका घेतला?"

"ब्रेक गेले," पप्पा म्हणाले.

"मी आर्नुल्फो. दूध टाकून परत चाललोय. दोघं या, बसा."

"गाडी वळणावर अशी सोडून कसं येऊ? मागून येणारा आदळायचा." पप्पांनी घड्याळ पाहिलं, मग योर्लेनीला. "पण हिला न्या. धर्ममाता आहे ही, पाच वाजता बाप्तिस्मा आहे. हिच्यावाचून अडलंय सगळं."

"चल की मग, मॅडम धर्ममाता! केबिन रिकामीच आहे. बाळ रडून घर डोक्यावर घेईल."

योर्लेनी एक पाऊल पुढे गेली. मेणबत्ती टॉवेलाच्या आत तीन ठिकाणी मोडलेली हाताला लागत होती. मनात आत्या होती, चर्चच्या दारात बाळाला घेऊन उभी. तेवढ्यात तिच्या पाठीमागे स्प्रिंग कुरकुरली.

तिने वळून पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं. जवळही कुणी नव्हतं. गाडी आणखी थोडी वर आली आणि थांबली.

"चल गं," पप्पा म्हणाले. त्यांची पाठ गाडीकडे होती.

"मी नाही जात."

"अगं, बाप्तिस्मा..."

"नाही जाणार, पप्पा." तिने त्यांची बाही घट्ट धरली. "काका, तुम्हीपण जाऊ नका ना... जरा थांबा इथेच."

"हिला धक्का बसलाय," आर्नुल्फो मऊ आवाजात म्हणाला. "खाली पादुआ गावात जाऊन गाडी ओढायला टोचनवाला पाठवतो, उस्ताद. अर्ध्या तासात." त्याने केबिनचं पलीकडचं दार आतून ओढून घेतलं, नीट लागलं नसावं म्हणून. मग ट्रक हलला.

वळणावरून वळून तो धुक्यात गेला. पुढे रस्ता थोडा चढतो, त्या चढावर त्याचा आवाज येत राहिला. पप्पा कान देऊन ऐकत होते. त्यांच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली.

"कॅन वाजत नाहीयेत," ते म्हणाले.

योर्लेनीने त्यांची बाही आणखी घट्ट धरली.

"रिकामाच म्हणाला ना तो?" त्यांनी आवाज खाली आणला. "मग एवढ्याशा चढाला पहिला गिअर कशाला... अजून पहिलाच आहे. ऐक. अजून पहिलाच..."