वगळलेलं नाव

माकणीत सुरजच्या घरी नेटवर्क धड लागायचं ते माळवदावर. पुण्याच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा थोरल्या भावानं, बालाजीनं, वर पत्र्याची एक खोली उभी करून दिली होती. एक टेबल, एक पंखा, आणि खिडकीतून दिसणारं धरणाचं पाणी. खाली आई गजराबाई, वडील गोरोबा आणि बालाजीची बायको करिश्मा. मेंढरं बापलेक मिळून राखायचे.

दिवाळी सरली आणि लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायला बालाजी धरणावर गेला. एक कोकरू घसरून खोलात गेलं. त्याच्यामागं बालाजीनं उडी टाकली. कोकरू पोहत काठाला लागलं. बालाजीला मच्छीमारांनी दुसऱ्या दिवशी गळ टाकून वर काढलं.

सुरज रडला नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि तो परत वर जाऊन बसला. खालून आईचं रडणं ऐकू यायचं. चूल पेटवताना, धुणं वाळत घालताना, मधेच कधीही. करिश्मा रडत नव्हती. ती भांडी घासायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

कंपनीच्या कामासाठी सुरज एक छोटा प्रोग्राम लिहीत होता. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि कॉम्प्युटरमधल्या फायलींची नावं ओळीनं समोर यायची. नुसते फोटो दाखव म्हटलं की नुसते फोटो. या महिन्यातलं दाखव म्हटलं की तेवढंच. त्यानं एकदा बालाजीला हे करून दाखवलं होतं.

"म्हंजी वाडग्याचं दार म्हन की," बालाजी म्हणाला होता. "हवी ती मेंढरं आत, नको ती भाईर."

"तसंच, दादा."

नको असलेलं गाळायची सोय सुरजनं शेवटी केली. 'वगळ' नावाची एक साधी फाइल. तिच्यात जे नाव लिहावं, त्या नावाचं काहीही यादीत यायचं नाही. फाइल पुसली जात नाही. जागच्या जागी असते. फक्त दिसत नाही.

प्रोग्राम तपासायला तो स्वतःच्याच लॅपटॉपवरच्या फायली वापरायचा. बालाजीचा फोन त्यानं उन्हाळ्यात त्यात रिकामा करून ठेवला होता. बाजारातल्या एडक्यांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, करिश्माला पाठवलेले आवाज. प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला बालाजीचं नाव. हुकूम कुठलाही दिला तरी पडदाभर तेच नाव खालून वर सरकत जायचं. बालाजी, बालाजी, बालाजी.

एका दुपारी त्यानं 'वगळ' उघडली, भावाचं नाव लिहिलं आणि यादी परत मागवली. पडद्यावर कंपनीची कागदपत्रं आली, दोन-चार गाणी आली, आणि यादी संपली. सुरजला बरं वाटलं असं नाही. काहीच वाटलं नाही, आणि तेवढंच त्याला हवं होतं. त्या दिवशी त्याचं काम भराभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा प्यायला खाली उतरला, तर आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. थापताना पुटपुटत होती, म्हणून त्यानं कान दिला. ती ओवी गुणगुणत होती. डोळे कोरडे होते. एवढ्या दिवसांनी आई सावरली, असं त्याला वाटलं. तो गप्प चहा प्याला आणि वर गेला.

गोरोबा मेंढरं घेऊन धरणाकडं निघाले होते. बालाजी गेल्यापासून ते लांबचा रस्ता धरायचे, पाण्याकडं पाठ करून मेंढरं चारायचे. आज खिडकीतून सुरजला कळप सरळ उतारानं पाण्याकडं जाताना दिसला. जिथून बालाजी गेला होता त्याच दगडावर म्हातारा टेकला, त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि गार पाण्यात पाय सोडून बसून राहिला.

दुपारी जेवायला बसल्यावर आई भिंतीकडं बघत म्हणाली, "सुरज, हितं एडक्याच्या फोटूला हार कुनी घातला रं?"

भिंतीवर बालाजीचा फोटो होता. लोहाऱ्याहून चौकट करून आणलेला. मूळ फोटोत बालाजी एडक्याच्या गळ्यात हात टाकून उभा होता. सुरजनं वर बघितलं. चौकटीत एडका होता. शिंगं वळलेली, कपाळावर पांढरा ठिपका. त्याच्या बाजूला रिकामं माळरान होतं, आणि एडक्याच्या मानेवरची लोकर एका जागी दाबली गेली होती, वर हात ठेवल्यावर दबते तशी.

"जनावराला कुनी हार घालतं व्हय," आई म्हणाली. उठून तिनं हार काढला आणि दारातल्या शेळीपुढं टाकला. शेळीनं झेंडू खाल्ले. करिश्मा आमटीची वाटी हातात धरून नुसती बघत राहिली.

सुरजनं जेवण संपवलं. आपण घाबरायला पाहिजे हे त्याला समजत होतं. पण बधिर गालावर बोट फिरवावं आणि बोट कळावं, गाल कळू नये, तसं ते समजणं होतं. वर जाऊन त्यानं लॅपटॉप उघडला आणि बंद केला.

संध्याकाळी वडील आल्यावर त्यानं विचारलं, "आबा, तुमाला पोरं किती?"

गोरोबांनी काठी भिंतीला टेकवली. "काय इचारालास रं खुळ्यावानी? तू येकटाच की."

"आन् बालाजीदादा?"

"बालाजीला जाऊ कवातरी. तिरुपतीला लई दिवसापसून जायाचंय मला." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. उलट तो दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

पुढचे काही दिवस घर असंच शांत राहिलं. आई पोटभर जेवायची. शेजारणी येऊन बसायच्या, तेरखेड्याच्या फटाक्यांच्या, येरमाळ्याच्या यात्रेच्या गप्पा मारायच्या, आणि त्यांच्यातलं कुणीही आवाज उतरवून काही विचारायचं नाही. 'वगळ'मधली ती ओळ सुरज रोज उघडून बघायचा आणि तशीच ठेवायचा. खाली कुणी रडत नव्हतं. कुणाचं काय बिघडलं होतं?

मग एके दिवशी आई जिना चढून वर आली. गुडघ्यांमुळं ती कधी वर यायची नाही. ती दारातच टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "ती पोरगी कोन रं आपल्या घरात?"

"कोन पोरगी?"

"ती खाली भांडी घासालीय ती. गुनाची हाय, भाकरीबी चांगली करती. पर तरनीताठी पोर, कुना परक्याच्या घरी किती दिवस ठिवायची? येरमाळ्याची हाय म्हनं. उद्याच्या यष्टीनं तिला तिच्या मानसांत सोडून ये."

"आई, ती करिश्मावैनी हाय."

"वैनी?" आईनं त्याच्याकडं काळजीनं बघितलं. "तुला भाऊ कुठं हाय, बाळा?"

आई उतरून गेल्यावर बऱ्याच वेळानं करिश्मा आली. हातात तिची कपड्यांची पिशवी होती, आधीच भरलेली. पत्र्याच्या खोलीत ती भिंतीला धरून उभी राहिली.

"भावजी, येक इचारू का? हसू नगा."

"इचारा."

"माजं लगीन कुनासंग झालतं?"

सुरज तिच्याकडं वळला.

"झालतं, येवडं म्हायती हाय मला. मांडव आठवतो. हळद आठवती. शेजारी कुनीतरी हुबं होतं, त्याच्या अंगाला लोकरीचा वास येत हुता. तोंड बगाया जाते तर तितं काय न्हाय." तिनं आपलं रिकामं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. "पयले दोन दिवस नाव येत हुतं जिभंवर. आता त्येबी येईना. म्या कुनासाठी बांगड्या फोडल्या, भावजी?"

"बालाजी," सुरज म्हणाला. "बालाजीसाठी."

"देवाचं नाव कशाला घेताव?" ती थकल्या आवाजात म्हणाली. "म्या मानसाचं इचारालेय."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. कुणासाठी रडायचं हेच तिच्याजवळ उरलं नव्हतं. पिशवी उचलून ती जिना उतरून गेली, आणि प्रत्येक पायरीवर जरा थांबत गेली, काहीतरी विसरून चाललोय असं वाटणारा माणूस थांबतो तसं.

सुरजनं लॅपटॉप पुढं ओढला. आई परत रडेल, हे त्याला ठाऊक होतं. आबा परत पाण्याकडं पाठ करतील. आणि ही सुई उतरल्यावर त्याचं स्वतःचं काय होईल, ते त्याला ठाऊक नव्हतं. तरी त्यानं 'वगळ' उघडली. आत एकच ओळ होती. ती त्यानं पुसली, फाइल जतन केली आणि यादी मागवली.

नावं आली. खालून वर, पडदाभर. बालाजी, बालाजी, बालाजी.

तो हात मांडीवर ठेवून बसला आणि खालून येणाऱ्या हंबरड्याची वाट बघू लागला.

हंबरडा आला नाही.

ऊन कलत होतं. चुलीचा धूर वर आला, भाकरीचा वास आला. मग बांगड्या किणकिणल्या. भरल्या हाताच्या, काचेच्या.

"सुरज," आईनं हाक मारली. "ये खाली. दादा यायची येळ झाली."

तो उतरला. भिंतीवरच्या फोटोत बालाजी होता, एडक्याच्या गळ्यात हात टाकून. चौकटीला हार नव्हता. हार घालायला आजवर खिळ्याला कुणी हातही लावला नसावा, इतकी वर धूळ होती.

आईनं पाच ताटं मांडली होती. करिश्माच्या कपाळावर कुंकू होतं, हातात हिरवा चुडा. तिची पिशवी कुठं दिसत नव्हती. ती चुलीपुढून उठली आणि सुरजकडं बघून हसली, थोरली वहिनी हसते तसं, सहज.

"आई," सुरज म्हणाला. "दादाला काढलं न्हाय का आपुन पान्यातनं? मच्छीमारांनी?"

"काय वंगाळ बोलालास," आई म्हणाली. "तिन्हीसांजंला."

गोरोबा बाजेवर बसून रस्त्याकडं बघत होते. ते इथं होते, म्हणजे मेंढरं कुणाकडं होती, हे सुरजच्या तेव्हा ध्यानात आलं.

धरणाच्या वाटेनं धूळ उठली. घुंगरं वाजली. कळप आला, पुढं कुत्रं, आणि कुत्रं सारखं मागं वळून बघत होतं. मेंढरं दारावरून वाडग्याकडं वळली. त्यांना वळवणारा आवाज आला नाही, काठीही दिसली नाही, पण ती एकामागून एक नीट आत गेली. वाडग्याचं दार लागलं.

सुरजला दातांत कळ आली. मग जबड्यात. सुई उतरत होती.

"आले," करिश्मा म्हणाली. तिनं पदर सारखा केला, रांजणातून तांब्या भरून घेतला आणि उंबऱ्याशी गेली. दारात कुणी नव्हतं. ती वाकली आणि पायांवर ओततात तसं, बेतानं, पाणी ओतू लागली.

पाणी सरळ खाली पडलं नाही. फरशीच्या वर, घोट्याएवढ्या उंचीवर, त्याची धार फाटली आणि दोन्ही अंगांनी ओघळली.

तांब्यातलं पाणी नितळ होतं. उंबऱ्यावरून आत वाहत आलं ते काळं होतं, गाळाचं, आणि त्यात बारीक शेवाळ होतं.