ओंडका पॅकेज

रस्ता तुम्ही चोरलात. डांबर चोरलंत, खडी चोरलीत, ते आम्ही समजू शकतो, ते तुमचं जुनंच आहे. पण या वेळी तुम्ही मुळात रस्ता ही गोष्टच चोरलीत. निगुडमाळचा रस्ता चाळीस वर्षं कागदावर तरी होता. मग बाजारात जाणतं चाक आलं आणि तुम्ही तो कागदावरूनही पुसून टाकलात. जमीन ओळखणारं चाक असताना रस्त्यांची गरजच काय, असं म्हणून टाळ्या घेतल्यात आणि योजना काढलीत: ‘रस्तामुक्त गाव’. जणू रस्ता म्हणजे खरूज. दर गावाला एक गाडी देऊन तुम्ही हात झटकलेत.

त्या गाडीचं पुढं काय झालं ते तुमच्यापर्यंत चुकीचं पोचलं आहे. म्हणून पहिल्यापासून सांगायला हवं.

मे महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी निगुडमाळची तीन माणसं तालुक्याच्या गावातल्या गाड्यांच्या दालनात आली. शाळा समितीची अध्यक्ष सगुणा ढेबे, तिचा मामा भागूजी मरगळे आणि शाळेच्या दुधाणे बाई. सगुणा आणि मामा सोफ्याच्या कडेला टेकले. बाई आपल्या चाकाच्या खुर्चीत होत्या. दोन वर्षांपूर्वी शाळेत जाताना त्या ओढ्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यावरून पडल्या आणि कमरेखालची ताकद कायमची गेली. तेव्हापासून बाई खाली तालुक्याला आणि सतरा पोरं वर माळावर. भिंतीवरच्या पडद्यावर बाईंना बघत पोरं पाढे म्हणायची. आता वरून नवा हुकूम आला होता: पंधरा जूनला शिक्षक वर्गात प्रत्यक्ष हजर नसेल तर शाळा बंद. पोरांनी खालच्या गावात चालत जावं. अकरा किलोमीटर.

दालनात त्यांच्यासमोर ओजस नावाचा इस्त्रीदार शर्टातला तरुण विक्रेता होता आणि त्याच्यामागे ‘गवा’ उभी होती. काळी, रुंद, मान खाली घालून उभं राहावं तशी.

“हिच्या तीन पायऱ्या आहेत,” ओजसनं सुरुवात केली. “पायथा, माची आणि बालेकिल्ला.”

“बालेकिल्ल्यात काय मिळतं?” सगुणानं विचारलं.

“सगळं.”

“आणि पायथ्यात?”

ओजसनं जरा विचार केला. “पायथ्यात… गाडी मिळते.”

भागूमामा खो खो हसला. “पोरगं खरं बोलतंय. इथं टिकायचं न्हाई.”

योजनेत बसत होती पायथा, आणि तिच्यावर कुठलंही एक पॅकेज. एकच. ओजसनं पडद्यावर एकेक उघडून दाखवलं. जाणत्या चाकाच्या रबरात केसाएवढे स्पर्शतंतू विणलेले असतात. जमीन किती ओली, किती भुसभुशीत, कुठं कललेली, हे त्या तंतूंना कळतं आणि चाक त्याप्रमाणे अंग बदलतं. चिखल पॅकेज घेतलं तर रबरातून मांजरासारख्या नख्या बाहेर येतात. ओढा पॅकेज घेतलं तर गाडी हातभर उंच होते आणि वरच्या नळीतून श्वास घेते. चढ घेतलं तर चारही चाकं वेगवेगळा जोर लावतात. धुकं घेतलं तर पुढची वाट काचेवर उमटते.

“आमच्या वाटेला हे चारी हायेत, लेकरा,” मामा म्हणाला. “आधी चिखल, मग वढा, मग दांडाचा चढ, वर पोचलास की धुकं. ह्यातलं एक घिऊन काय करू? वढ्यापतूर जाऊन भजी तळत बसू?”

“बहुतेक लोक चिखल घेतात,” ओजस म्हणाला.

“आणि चढावर काय करतात?” सगुणानं विचारलं.

“परत येतात. माची घ्यायला.”

आणखी एक पॅकेज होतं. ओजस ते पुढं सरकवणार तोच बाई म्हणाल्या, “थांबा. हे काय?”

उतरती बैठक. पडद्यावर दार उघडलं, आसन वळलं, बाहेर आलं आणि चाकाच्या खुर्चीच्या उंचीला येऊन थांबलं. चित्रातली बाई हातांच्या जोरावर एका आसनावरून दुसऱ्यावर सरकली. कुणी तिला उचललं नाही. दुधाणे बाईंनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

सगुणा बघत होती. “बाई, हे घ्यायचं?”

“छे गं. मला उचलून ठेवा आपलं. चिखल घ्या.”

बाई हे हसत म्हणाल्या, पण सगुणानं त्यांना तीन-चार वेळा उचललेलं होतं. उचलताना बाई डोळे घट्ट मिटून घेत आणि नंतर बराच वेळ कुणाशी बोलत नसत. ओढ्यात पडल्या त्या दिवशी चार माणसांनी त्यांना झोळीतून खाली आणलं होतं. वाटेवरचं प्रत्येक घर बघायला दारात आलं होतं. पुन्हा दर सोमवारी, पोरांच्या देखत, पोत्यासारखं वर्गात जाऊन पडायचं? आणि तेही चिखल पार करून, दांडाच्या चढाला गाडीनं हाय खाल्ली नाही तर?

तेवढ्यात मामा उठला. “ते चित्रातलं बास झालं. जनावर बाहेर काढ.”

“चक्कर मारून आणू मामा?”

“रिकामा बैल कोनबी पळवतो. चाक बांधायला पायजे.”

भागूमामानं तीस वर्षं बैलबाजारात पारख केलेली होती. तिथली रीत अशी, की बैल गाडीला जुंपायचा, गाडीची चाकं दोरानं बांधायची, वर दोन माणसं बसवायची आणि हाकायचं. बांधल्या गाडीला जो मान खाली घालून भिडतो तो घ्यायचा. जो मागं वळून बघतो तो सोडून द्यायचा, मग शिंगं कितीही रंगवलेली असोत. ओजसला हे काहीच माहीत नव्हतं. पण दुपारची वेळ होती, दालनात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि म्हाताऱ्याला नाही म्हणायचं प्रशिक्षण त्याला मिळालेलं नव्हतं.

दालनामागं गाड्या धुवायची जागा होती, तिथं कायमचा चिखलाचा राडा. पुढं मातीची चढण, गिऱ्हाइकांना दाखवायला केलेली. कडेला वादळात पडलेल्या सुबाभळीचा ओंडका होता. मामानं तो दोरानं गाडीच्या मागच्या आकड्याला आवळला आणि स्वतः वर चढून बसला, पाय दोन्हीकडं सोडून.

“मामा, पडाल!”

“तू हाक.”

ओजसनं पायथा गाडी पुढं घेतली. चाकं राड्यात गरगर फिरली, चिखल उडाला, मामाचं धोतर आणि बाईंचा चष्मा सारखेच माखले. सगुणा तोंडावर पदर धरून हसत होती. गाडी जागची हलेना. मग गाडीच्या आतून एक शांत, गोड आवाज आला:

“गाडी अडकली आहे. नियंत्रण कक्षाला कळवले आहे. घाबरू नका.”

आणि चारही चाकांतून खटाखट नख्या बाहेर आल्या. गाडी हातभर उंच झाली. काचेवर वाट उमटली. चाकांनी एकेक करून जमीन चाचपली, जोर वाटून घेतला, आणि गवा ओंडका, दोर आणि भागूमामा यांच्यासकट चढण चढून वर गेली.

“मान घातली!” मामा वरून ओरडत होता. “सगुणे, बघितलंस का? मान घातली गं हिनं!”

ओजसचा चेहरा मात्र उतरला होता. “ती सुटका स्थिती आहे,” तो गाडी पुन्हा खाली आणून म्हणाला. “कायदाच आहे तसा. माणसं असलेली गाडी अडकली तर सरकारी कक्षाला कळवावं लागतं आणि तिला जे जे येतं ते सगळं मोकळं करावं लागतं. सुटेपर्यंत.”

“म्हणजे हिला सगळं येतंय?” सगुणानं विचारलं.

“सगळ्या गाड्या एकाच साच्यातून निघतात, ताई. बालेकिल्लासुद्धा. फरक फक्त कुलपांचा.”

“आन तिच्याच अंगातलं तिलाच करू देत न्हाई तुमी?” मामाला बैलाच्या वतीनं राग आला. “दावणीला बांधून वर वैरणीला कुलूप?”

बाई इतका वेळ चष्मा पुसत होत्या. त्यांनी वर्गातल्यासारखा प्रश्न टाकला. “गाडी सुटली, हे गाडीला कसं कळतं?”

“मागची ओढ थांबली की.”

“आणि ओढ थांबलीच नाही तर?”

चौघांनी ओंडक्याकडं बघितलं. मामानं त्याला प्रेमानं थाप मारली, बैलाच्या वशिंडावर मारावी तशी, आणि सगळ्यांत आधी हसू फुटलं ते ओजसलाच.

“मी काही ऐकलं नाही हं,” तो डोळे पुसत म्हणाला. “पण काथ्याचा दोर घेऊ नका. नायलॉनचा घ्या.”

“आणि पॅकेज कुठलं टाकू?” आत आल्यावर त्यानं विचारलं.

सगुणानं पडद्यावर बोट टेकवलं. उतरती बैठक.

“अगं, पण—” बाई म्हणाल्या.

“बाई, वर्गात तुमचं ऐकते. इथं तुम्ही माझं ऐका.”

पंधरा जूनला सकाळी सगुणा तालुक्याहून गाडी घेऊन निघाली. शेजारी बाई, मागं मामा, आणि त्याच्या मागं पंधरा हात दोरावर माळावरून मुद्दाम खाली आणलेला जांभळीचा ओंडका. सुबाभूळ हलकी, म्हणून मामानं ती नापास केली होती. चिखल सुरू झाला आणि गोड आवाज आला: “गाडी अडकली आहे. नियंत्रण कक्षाला कळवले आहे. घाबरू नका.” बाईंना वाटलं, आता कक्षातून कुणी येणार आणि आपण पकडले जाणार. ओढा आला. तो धोंडा आला. बाईंनी दाराची मूठ घट्ट धरली. गवा हातभर उंच झाली, पाण्यातून शांतपणे पलीकडं गेली, आणि बाईंनी मागं वळून त्या धोंड्याला जीभ दाखवली. चौपन्न वर्षांच्या बाईंनी. सगुणानं हे बघितलं आणि गावभर सांगितलं.

वर धुक्यात सतरा पोरं शाळेच्या पायरीवर उभी होती. दार उघडलं, आसन वळलं, खाली आलं. बाई आपल्या हातांनी खुर्चीत सरकल्या, साडी नीट केली आणि स्वतः चाकं फिरवत वर्गात गेल्या. हजेरी झाली. दुसरीतली शेवंता जवळ येऊन उभी राहिली.

“बाई, पडद्यात तुम्हाला वास नव्हता.”

“कसला गं वास?”

“बाईंचा,” शेवंता म्हणाली आणि तिथंच चिकटून बसली.

कक्षातून कुणीही आलं नाही. पहिले आठ दिवस सगुणानं साहेब येतील म्हणून चहाचं दूध बाजूला काढून ठेवलं. मग तिनं त्याचं दही लावलं. सोमवारी बाई वर, शुक्रवारी खाली, मधे कुणाचं बाळंतपण, कुणाच्या दाढेचं दुखणं, लग्नाचा रुखवत. दर खेपेला ओंडका मागं. उतरताना त्याचा आणखी एक उपयोग: घाटात बैलगाडीला बांधायचे तसा तो आपोआप ब्रेक. पोरांनी तो गोड आवाज उचलला. गणित चुकलं की सगळा वर्ग एका सुरात म्हणे, “गण्या अडकला आहे. नियंत्रण कक्षाला कळवले आहे. घाबरू नका!”

आणि एक गोष्ट झाली, जी कुणी ठरवलेली नव्हती. ओंडका फिरून फिरून वाट सपाट होऊ लागली. उंचवटे घासले गेले, खड्डे भरले, सुटे धोंडे कडेला लागले. ते बघून बायकांनी कडेनं चर काढले, बाप्यांनी ओढ्यात दगड रचले. दिवाळीत डोक्यावर हंडा घेतलेली बाई खाली न बघता चालू लागली. एप्रिलात शेवंताचा भाऊ माळावरून ओढ्यापर्यंत सायकलवरून आला, ब्रेक न लावता, ओरडत. गाव टाळ्या वाजवत होतं. मामानं त्या दिवशी ओंडका सोडून ठेवला. पायथा गाडी, सगळी कुलपं बंद, आपल्या पायानं वर गेली. गोड आवाज आला नाही. पोरं हिरमुसली.

त्याच महिन्यात तुमचं पत्र आलं. ‘उपग्रहचित्रावरून आपल्या गावास वाहनयोग्य रस्ता असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, आपले गाव रस्तामुक्त राहिलेले नसून योजनेस अपात्र ठरत आहे. वाहन सात दिवसांत जमा करावे.’

बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. मामा दारात बसून ऐकत होता. तो इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं. मग बाईंनी फळ्यावर लिहिलं: अर्जलेखन. वाक्यं पोरांनी सांगितली, शुद्धलेखन बाईंनी बघितलं, शेवटची ओळ सगुणानं घातली. तुमच्या टेबलावर आहे तोच तो अर्ज. वाचला नसेल, म्हणून इथं पुन्हा:

‘महोदय, आमचा रस्ता सहा हात रुंद आहे. तो तुम्हाला आभाळातून दिसला, याचा आम्हाला आनंद झाला. आमच्या बाई पायांनी चालू शकत नाहीत, म्हणून रस्ता असला तरी गाडी लागते. सोमवारी त्यांना वर आणायचे आहे. गाडी न्यायला जो येईल त्याला आम्ही चहा देऊ. पण दहा महिन्यांत या गाडीने तुम्हाला दोनशे चौदा वेळा कळवले, की निगुडमाळची माणसे अडकली आहेत. तेव्हा तुमच्यातले एकही माणूस का आले नाही? आधी याचे उत्तर द्या. लेखी द्या.’