अंबुजाची मराठी परीक्षा

१९८८च्या जूनमध्ये, तमिळ मुलुखातल्या कुंभकोणमच्या तालुका कचेरीत, समोरची मुलगी मराठी आहे की नाही हे ठरवण्याचं काम त्रिविक्रमच्या अंगावर अचानक येऊन पडलं. तो आला होता स्वतःच्या इंजिनिअरिंगच्या अर्जाला लागणाऱ्या रहिवासाच्या दाखल्यासाठी.

मुलगी अंबुजा, शिंप्याची; घराणं पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून आलेलं. तिच्या मराठी बोलणाऱ्या जातीला मागासवर्गाच्या यादीत जागा होती. पण शाळेत नाव घालताना वडिलांनी बाहेरच्या सवयीने मातृभाषा 'तमिळ' सांगून टाकलेली. मराठी नाही तर यादीत नाही, यादीत नाही तर दाखला नाही. आणि इंजिनिअरिंगचे अर्ज उद्या बंद. कारकून गुरुमूर्तींना मराठीचा गंध नव्हता. त्रिविक्रमच्या कागदावर 'मराठी' दिसताच त्यांनी त्यालाच परीक्षक नेमलं.

अंबुजाने पंख्याच्या वाऱ्याने उडणारी बट कानामागे सारली... आणि परीक्षक पहिला प्रश्न विसरला.

"आई रागावते ती — कोणत्या भाषेंत?"

"मराठींत. मारते मात्र तमिळमध्यें."

तीन प्रश्न पुरे होते. त्याने अकरा विचारले. एकादशीला भजन कोण म्हणतं, सांबारात गूळ पडतो का, संध्याकाळी तळ्याकडे फिरायला कोण कोण जातं. शेवटच्याचा जातीशी काय संबंध, असं तिने विचारलं.

"मज नुसतें जाणायचें होतें," तो म्हणाला.

गुरुमूर्ती उत्तरं नव्हे, त्याचा चेहरा तपासत होते. चेहरा उजळत गेला, तसं त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

त्रिविक्रमच्या ब्राह्मण घरी राखीव जागांवरून 'त्यांनी आपल्या जागा खाल्ल्या' हा विषय रोज भाताबरोबर वाढला जाई. 'त्यां'पैकी कुणी इतक्या जवळून प्रथमच दिसत होतं. त्याने मार्क विचारले. तिचे त्याच्याहून एकवीस जास्त निघाले.

"म्हणजे खुल्या यादींतही मी तुमच्या वर," ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. "पण भरंवसा कसला... सही कराल ना? घरीं काय सांगाल?"

"परीक्षा घेतली म्हणून सांगेन. कोण पास झालें तें विचारणार नाहींत."

त्याने साक्षीदार म्हणून सही केली. खाली एक रकाना उरला : साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं. रिकामा चालणार नाही, असं गुरुमूर्तींनी बजावलं.

"काय लिहूं?" त्याने तिलाच विचारलं. कान लाल झाले होते.

"आजच्यापुरतें 'ओळखीचा' लिहा." ती कागदाकडेच बघत होती. "आधीं तुम्हांला जागा तर मिळूं द्या... मग या रकान्याच्या दुरुस्तीचा अर्ज दोघें मिळून करूं."