तपकिरी डिंकाचं कोडं

"परत तपकिरी! म्हणजे हाही डिंक वाया!" मावशीने बाटली उजेडात धरली आणि ती मटकन स्टुलावर बसली.

ठकीला तिचा चेहरा बघवेना. तीन वर्षं खपून मावशीने हा डिंक तयार केला होता! लाटांच्या माऱ्यातही शिंपला खडकाला चिकटून राहतो ना? त्याच्यासारखं चिकट प्रथिन बनवायची विद्या तिने चक्क जीवाणूंना शिकवली होती. टाके न घालता ओली जखम सांधणारा डिंक! आज चार वाजता सर्जनबाई तो बघायला येणार होत्या. चिकटला नाही, तर काम कायमचं बंद.

"जीवाणूच बिघडले असणार," बाटलीकाका म्हणाले. प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. "आणि या पोरांना आधी बाहेर काढा. सुट्टी लागली की नुसता धुडगूस!"

झालं! ठकी, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि मावशीचा मुलगा पंडित, तिघांची वरात बाहेर.

"जीवाणू बिघडले म्हणे!" ठकी फणकारली. "मग फ्रीजमधली एक बाटली अजून पांढरी कशी?"

"कुठली गं?" पंडितने विचारलं.

"परवा मी हौसेने धुतलेली! जीवाणू तेच, डिंक तोच. धुणारा तेवढा वेगळा!"

"काकांवर आळ घेणार? कच्चं खातील तुला!"

"आळ कोण घेतंय? आपण शिकायला जायचं!"

तिघं धुण्याच्या खोलीत हजर. "काका, शिकवा ना! तुमच्याइतक्या लख्ख बाटल्या कुणाच्याच होत नाहीत," ठकीने साखर पेरली.

काका खुलले. त्यांनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बाटली घोळवली, एकदा नळाखाली धरली आणि पालथी घातली. "झाली!"

"पण भिंतीवर लिहिलंय, तीनदा विसळा," ढब्बू म्हणाला.

"ते नवशिक्यांसाठी रे! माझा हात बसलाय."

पंडितने हळूच लाल लिटमस कागद बाटलीच्या तळाला लावला. कागद निळा!

"मावशी! बाटलीत सोडा राहतोय!" ठकी ओरडत सुटली.

मावशीने कपाळावर हात मारला. "अगंबाई! हा डिंक टिकतो आंबट पाण्यात. सोडा लागला की तपकिरी पडतो, वेळेआधीच घट्ट होतो, मग चिकटायचं नाव घेत नाही. आणि मी बिचाऱ्या जीवाणूंना बोल लावत बसले!"

चार वाजता ठकीच्या बाटलीतला डिंक बाहेर आला. मावशीने पाण्याच्या टबातच चामड्याचे दोन तुकडे चिकटवले. थोड्या वेळाने ते बाहेर काढून खाली किलोभर वजन टांगलं. एक मिनिट... पाच... दहा! तुकडे हलेनात. ढब्बूने तर श्वासच रोखून धरला होता!

"शाब्बास!" सर्जनबाई उठून उभ्या राहिल्या. "टाक्यांच्या धास्तीने रडणारी लेकरं रोज बघते मी. काम चालू ठेवा!"

तेवढ्यात काका पुढे आले. मान खाली होती. "बाई, डिंक माझ्यामुळे बिघडत होता. ही पोरगी नसती तर आज सगळं मुसळ केरात गेलं असतं."

मावशीने प्रयोगाची वही उघडली, 'दोष कोणी शोधला' या रकान्यावर बोट ठेवलं आणि ठकीच्या हातात पेन दिलं. "लिहा! तिघांची नावं, पूर्ण. माझ्या वहीत खऱ्या संशोधकांचीच नावं असतात."

ठकीने तिघांचीही पूर्ण नावं लिहून काढली. इतक्या वळणदार अक्षरात तिने शाळेतही कधी नाव लिहिलं नव्हतं!