बालीला न्यायची बॅग

माझ्या बॅगेची चेन तुटली ती राहुरीच्या स्टँडवर, भर गर्दीत. तुटायचीच होती तर घरी तुटावी ना! पण नाही. आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती जुनी रेक्झिनची बॅग, आत गवार, भेंडी, घेवड्याच्या बियाण्यांची नमुन्याची पाकिटं... सगळी फलाटावर पसरली, नि एसटी मागं येत होती.

मी वाकले, तर समोरून अजून कुणीतरी वाकलं.

"मॅडम, पाय उचला. गवार आहे पायाखाली."

मी पाय उचलला. त्यानं पाकीट काढलं, फुंकर मारली, नि एक एक करत सगळी पाकिटं स्वतःच्या शर्टाच्या झोळीत गोळा केली. मग माझ्या बॅगेकडं असं बघितलं, जसं डॉक्टर शेवटच्या घटका मोजणाऱ्या पेशंटकडं बघतात.

"ही दुरुस्त व्हायची नाही. आता हिला सोडा."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"माझं तेच काम आहे." त्यानं मान वळवून दाखवलं. स्टँडच्या भिंतीला लागून चिंचोळं दुकान होतं – 'अमृत बॅग सेंटर, विक्री व दुरुस्ती'.

हा अमृत. उंच, सावळा, बोटांना सदा ग्रीस लागलेलं. आणि शांत! इतका शांत माणूस मला सहन होत नाही. माझ्या पायाला भिंगरी, तोंडाला लगाम नाही. आण्णांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सोनईचं आमचं कृषी सेवा केंद्र मीच बघते. तीन वर्षं झाली. यंदा खताचं टार्गेट पूर्ण केलं, तर कंपनीनं डीलर लोकांच्या टूरमध्ये नाव घातलं. सहा दिवस बाली! मी – जिनं मुळा धरणापेक्षा मोठं पाणी बघितलेलं नाही – समुद्रावर जाणार होते. त्या दिवसापासून मला धड झोप नव्हती, जेवण नव्हतं.

"समुद्रावर?" अमृतनं विचारलं. "मग चाकांची बॅग घ्या. कडक पाठीची. मऊ बॅगेत वाळू शिरते, जन्मात निघत नाही."

"तुम्ही गेलाय का कधी?"

"नाही. पण दरवर्षी इथले डीलर जातात, नि येऊन बॅगा माझ्याकडं टाकतात. हे बघा." त्यानं फळीवरच्या, वाळू भरलेल्या काचेच्या बरण्या दाखवल्या. चिठ्ठ्या लावलेल्या – गोवा, दुबई, पटाया. "समुद्र मी बघितलेला नाही, पण त्याची वाळू रोज झाडतो."

मी हसले. म्हणजे हसायचं नव्हतं, पण हसले.

निळी बॅग घेतली. तिला आकड्यांचं कुलूप होतं, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. आम्ही शिंगणापूरचे. आमच्या घराला दार नाही, कपाटाला कुलूप नाही. गावात आता काही जण फळ्याबिळ्या लावतात, पण माझी आई त्यातली नव्हे. फोनवर कुलूप ऐकलं मात्र...

"कुलपाची वस्तू माझ्या घरात न्हाई यायची! शनिदेवाच्या गावात ऱ्हातो आपन. समुद्रावर ने न्हाईतर आभाळात ने, पन घरात न्हाई."

"कुलूप काढून द्या," मी अमृतला म्हटलं.

"काढलं तर झाकण फुटेल." त्यानं कान खाजवला. "मग... बॅग इथंच राहू दे. तुम्ही येता-जाता सामान आणा, इथं भरा. जायच्या दिवशी इथूनच न्या."

आईलाही पटलं. "दुकानातच ऱ्हाऊ दे ती," म्हणाली. अशी माझी बॅग राहुरीत राहिली, आणि मी अकरा दिवसांत सात वेळा राहुरीला गेले. आधी महिन्यातून दोनदा जायचे. आण्णांनी विचारलं, "एवढा कसला माल आणतीस गं?" मी म्हटलं, "मे महिना आहे आण्णा, खरिपाची तयारी नको का?"

पहिल्यांदा मी दोन जीन्स नेल्या. अमृतनं त्या उचलून हातात तोलल्या.

"दीड किलो. नि भिजल्या की दोन दिवस वाळत नाहीत. बाहेर."

"आणि मी घालू काय? समुद्रात साडी?"

"ढगळ, सुती. दुकानात खताच्या पोत्यांमधून फिरता तेव्हा काय घालता?"

"जुना कुर्ता नि पायजमा."

"मग तेच की."

दुसऱ्यांदा उंच टाचेचे सँडल नेले. "वाळूत रुततील," म्हणून ते परत. तिसऱ्यांदा ओले कपडे कशात आणायचे यावर आमचं चांगलं वाजलं. शेवटी तोच म्हणाला, "तुमच्याकडं बियाण्याच्या जाड पिशव्या असतात ना? त्याच्यासारखी पिशवी जगात नाही." स्वतःच्या दुकानातली पिशवी, नि मला सुचली नव्हती! चौथ्यांदा शेंगदाण्याची चटणी. ती मात्र त्यानं बाहेर काढली नाही. चव घेतली. मग परत घेतली.

"ही राहू दे," म्हणाला. "वजनाचं मी बघतो."

पाचव्यांदा मी दोन फ्रॉक नेले. हो, फ्रॉक. नगरहून आणले होते, आईला न दाखवता. एक पांढरा, एक गडद निळा, दोन्ही बिनबाह्यांचे. काउंटरवर ठेवले नि म्हटलं, "सांगा, कुठला?"

"निळा."

"पांढरा का नाही? फोटोत छान दिसतो."

"नको."

"अहो, पण का?"

"ते... म्हणजे... पाण्यात..." त्याचे कान लाल झाले. "गिऱ्हाईकं सांगतात... पांढरं भिजलं की..." पुढचं वाक्य त्यानं एका चाकाच्या स्क्रूला सांगितलं. मी इतकी हसले, इतकी हसले की बाजूचा रसवंतीवाला डोकावून गेला. मग आमची नजर भेटली, नि माझं हसू मध्येच कुठंतरी राहून गेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, दुकानातला पंखा कुरकुरत होता, आणि मला तिथून उठावंसं वाटेना.

घरी आल्यावर जीव नुसता था‍ऱ्यावर नव्हता. बिलं लिहिताना चुकायचे. युरिया मागितला की सुपर फॉस्फेट द्यायचे.

कारण एक गोष्ट मी त्याला सांगितलीच नव्हती.

संगमनेरकडचं स्थळ आलं होतं. रविराज. पुण्यात नोकरी, दिसायला बरा, बोलायला गोड. दोन्ही घरांची पसंती झाली होती. अट एवढीच – लग्नानंतर दुकान कुणाला तरी चालवायला देऊन मी पुण्यात राहायचं. आण्णा म्हणाले होते, "बालीहून आलीस की होकार-नकार सांग पोरी. जास्त दिवस लोकांना लटकवून ठेवू नये." आणि रविराजनं काल मेसेज केला होता, 'तिकडचे फोटो स्टेटसला टाकताना जरा बघून. आमच्याकडं सगळे बघतात.'

निघायच्या आदल्या दिवशी मी राहुरीला गेले. टोपी नि रबरी चप्पल बॅगेत घातली. भरायला आता काहीच उरलं नव्हतं. मी तरी बसून राहिले. शेवटी सगळं सांगून टाकलं – रविराज, पुणे, दुकान, आणि आल्यावर द्यायचं उत्तर.

अमृत बॅगेच्या चाकाला तेल घालत होता. घालतच राहिला. तेल खाली ठिबकायला लागलं.

"चांगलं स्थळ दिसतंय," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला!

"एवढंच?"

"मी काय बोलणार, मॅडम... तुमचं घर, तुमचा निर्णय..."

"ऐका अमृतशेठ. आमच्या घराला दार नाही, पण कुणी मुकाट्यानं आत शिरत नाही. बाहेर उभं राहून माणूस हाक मारतो, मग आतलं कुणीतरी ये म्हणतं. ज्याला हाकच मारता येत नाही, तो दार नसलेल्या घराबाहेरसुद्धा जन्मभर उभा राहील!"

आणि मी निघून आले. एसटीत बसल्यावर रडू आलं. स्वतःचाच राग आला. कोण कुठला बॅगवाला, नि मी त्याच्यासाठी डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टूरची बस स्टँडवर आली. अमृतनं बॅग स्वतः डिकीत ठेवली. मी त्याच्याकडं बघितलं नाही. तो खिडकीशी आला.

"मॅडम, ते लॉक..."

"नंतर!" मी काच सरकवली. बस निघाली.

बालीतल्या हॉटेलात पोचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुलपाचा नंबर! तो मला ठाऊकच नव्हता. दुकानात दरवेळी बॅग अमृतच उघडायचा, विचारायचाच राहिला. आम्हाला सवय कुठं? कुलूप लावलं की ते उघडावंही लागतं, हे जन्मात कधी ध्यानात आलं असेल तर शपथ. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता – निळा, अफाट, नुसता हाका मारत होता – आणि मी दोन दिवसांच्या घामट कुर्त्यात बॅगेसमोर मांडी घालून बसले होते. माझ्या खोलीत नेवाशाच्या राहीबाई होत्या. नवऱ्यामागं दुकान चालवणाऱ्या, साठीच्या. त्यांनी आपलं नऊवारी लुगडं वर खोचलं, मला म्हणाल्या, "तू बस कपडे निवडत, मी चालले," आणि खरंच गेल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या लेकरासारख्या किंचाळत होत्या, ते मला वर ऐकू येत होतं.

तासभर मी माझ्या अभिमानाशी भांडले. मग फोन लावला.

"नंबर सांगा," मी म्हटलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कसला?"

"कुलपाचा! बॅग उघडत नाही."

पलीकडं पंख्याची कुरकुर ऐकू आली. मग तो हळूच म्हणाला, "आकडे फिरवू नका. नुसतं बाजूचं बटण सरकवा."

सरकवलं. खट्. बॅग उघडली. वर माझा निळा फ्रॉक, नीट घडी घातलेला.

"म्हणजे... कुलूप..."

"मी लावलंच नव्हतं. एकदाही नाही. तुम्ही शिंगणापूरच्या. तुमच्या वस्तूला कुलूप लावणारा मी कोण?"

"अहो, मग आधी सांगायचं ना! लावलेलं नाही म्हटल्यावर आईही काही बोलली नसती, मी पहिल्याच दिवशी बॅग घरी नेली असती."

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच नाही सांगितलं."

माझ्या हातातून फोन पडायचा राहिला.

"पुढं बोला," मी म्हटलं.

"फोनवर नको..."

"मग पत्ता माहीत आहे."

मी फ्रॉक घातला. आरशात दंड पाहिले – कोपरापर्यंत उसाच्या बांधावरचं ऊन, वर गोरी पट्टी. दिसू दे! खाली पळाले. पाणी कोमट होतं, खारट होतं, आणि लाट पायाखालची वाळू ओढून नेते तेव्हा सगळं जगच सरकल्यासारखं वाटतं. राहीबाईंनी माझा फोटो काढला, मी तो स्टेटसला टाकला. दहा मिनिटांत रविराजचा मेसेज आला. 'हात पूर्ण उघडे आहेत. काढून टाक प्लीज. आणि दुकानाचं ठरलं का, कुणाला द्यायचं?'

मी पाण्यात उभी राहूनच आण्णांना फोन लावला.

"आण्णा, त्यांना नाही म्हणून कळवा."

"अगं, विचार तरी..."

"केला. दुकान मी कुणाला देणार नाही. आणि मला पावलोपावली विचारून जगायला जमणार नाही."

"पाणी कसं हाय गं?" त्यांनी विचारलं.

"लई मोठं, आण्णा," म्हणताना मला रडू फुटलं.

परत आले त्या दिवशी बस पहाटे राहुरीत पोचली. बॅग सेंटरचं शटर बंद होतं. मी रिक्षानं घरी आले. आईनं बॅग बाहेर ओट्यावरच ठेवायला लावली. मी आंघोळ केली, चहा घेतला, अंगणात गेले, आत आले, परत अंगणात गेले. मी नकार दिलाय हे त्याला कुठं ठाऊक होतं? आणि त्याला हाक मारता येते की नाही, हे मला कुठं ठाऊक होतं? दहा वाजले. दुकानात जायला हवं होतं. गेले नाही. साडेदहा वाजले.

"कशाला येरझारा घालतीस?" आई म्हणाली. "बस की एका जागी."

आणि बाहेरून आवाज आला.

"सृष्टी!"

मॅडम नाही. सृष्टी. एवढ्या मोठ्यानं की शेजारची शेळी ओरडली.

मी बाहेर आले. उंबऱ्यापलीकडं अमृत उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, बोटांना तरीही ग्रीस. एक पाय पुढं, एक मागं. मी काही बोलायच्या आत आई पदराला हात पुसत आली.

"कोन रं तू?"

"मी... राहुरीचा अमृत. बॅगवाला."

"बॅग न्यायला आलास व्हय? ती काय, ओट्यावर हाय. कुलपासकट घिऊन जा."

"काकू, खरं सांगू का... तिला कुलूप लावलेलंच नव्हतं. कधीच."

"मंग अकरा दिस दुकानात कशापायी ठिवली हुती?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी चपलांकडं. आईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग तेरा वर्षांची असल्यापासून कधीच न लाजलेल्या माझ्या तोंडाकडं.

"बॅग न्यायला नाही आलो," अमृत म्हणाला. "सृष्टीला विचारायला आलोय. उत्तर गेलं असेल पुण्याला, तरी विचारणार. मला ती रोज यायला हवी आहे. बॅगेशिवाय. आणि दुकान तिनं सोडू नये, मीच सोनईला दुकान हलवीन. एवढंच सांगायचं होतं... निघायच्या आदल्या दिवशी तेल सांडलं, तेव्हाच."

"उत्तर गेलं पुण्याला," मी म्हटलं. "नाही म्हणून. सहा दिवसांपूर्वी."

मी कुर्त्याच्या खिशातून भेंडीच्या बियाण्याचं पाकीट काढलं नि त्याच्या हातावर ठेवलं. वर बॉलपेननं 'बाली' लिहिलं होतं. त्यानं उघडून आत बघितलं. वाळू होती. तो हसला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही. आता लपवून काय करायचं होतं?

आत आण्णांच्या खाटेची कुरकुर झाली. आईनं आत जाऊन पितळी पातेलं चुलीवर आदळलं, चहाचं.

"सृष्टे, घे त्याला आत," ती आतूनच ओरडली. "आन तू रं अमृता, उंबऱ्याबाहेर काय हुबा ऱ्हायलास? दार उघडायची वाट बघतोस का काय? हितं दार न्हाई!"