चौथ्या मजल्यावरचा दिवा

ए हनुमान, ती मोबाईलची बॅटरी बंद कर बे, तोंडावर कशाला मारतो? अन् रोहिणी, भ्या वाटत असंल तर आत्ताच आईपाशी जाऊन नीज. मागनं रडलीस तर शिव्या ह्या आश्रुबा आज्यालाच बसतात.

हे सांगतो ते माझ्या साडूच्या पोराचं हाय. रामेश्वरचं. नेकनूरचा फोटोवाला. लग्नाचे फोटो पोटासाठी, पण जीव सगळा जुन्या सिमेटाच्या बिल्डिंगीत. गोल गॅलऱ्या, जाळीच्या भिंती बघितल्या की येडा व्हायचा. बीडात तसलं एक अपार्टमेंट पाडायला काढलेलं. माणसं कवाच निघून गेलती. गेल्या साली कार्तिकातल्या अवसंला, दिवस बुडताना, ह्यो एकटाच वर चढला. गच्चीवरून सगळं बीड फोटोत धरायचं होतं.

चौथ्या मजल्यावर एक दार उघडं. आत एक म्हातारी बसलेली. म्होरं दिवा, शेजारी पीठ पसरून टोपलं झाकलेलं. मयताच्या घरी आपण ठेवतो, गेलेल्याचा ठसा पिठात उमटावा म्हणून, तसंच.

"कोण गेलं, मावशी?"

"घरातलंच," म्हातारी म्हणली. "दिवा एकटा सोडता येत न्हाई, बाबा. घडीभर बसतो का? गच्चीवरून गाव बघून येते. ह्या गुडघ्यापायी कितीक वर्षं वर गेलेच न्हाई."

"उजेड चाललाय, मावशी. फोटो काढतो अन् आलोच. मग बसतो."

वर गेला. बिंदुसरेचं पात्र, देवळाचा कळस, घराघरात लागणारे दिवे... फोटोच्या नादात अंधार पडला. तेवढ्यात घरून फोन आला. बोलत बोलत गडी सरळ खाली रस्त्यावर. म्हातारीला साफ इसरला.

रस्त्यावरून बिल्डिंगीचा शेवटचा फोटो काढला, तवा एकच खिडकी उजळलेली दिसली. मग आठवलं. तिथल्या वॉचमनला, सटवाला इचारलं, "चौथ्या मजल्यावर कोण वारलं हो?"

"भामाबाई. अख्ख्या बिल्डिंगीत ती एकटीच मागं ऱ्हायलेली. परवा गेली. पोरगा आला, अग्नी दिला, कुलूप लावून रातीच परत गेला. दिवासुदिक लावला न्हाई कुणी."

रामेश्वरनं वर बघितलं. खिडकी काळी.

"मग तो दिवा..."

सटवानं हात जोडले.

अरं, म्हणजे ती सोताच्याच दिव्यापाशी बसलेली. सोताच. जित्तेपणी एकटी, अन् मेल्यावरबी... लई वाईट वाटतं बघा, आत्ता सांगतानाबी.

मी असतो तर पळालो असतो. पण ह्यानं शब्द दिलेला. सटवाच्या देवापुढची पणती घेतली, वर गेला. दाराला कुलूप. उंबऱ्याबाहेर पणती लावून बसला.

"मावशी, आलो... जा तुमी."

त्यानं वात वर सारली.

मग बंद दाराआड... काकणं वाजली.

जिन्यात पाऊल. थांबलं. गुडघ्यावर हात ठेवून चढावं तसं... अजून एक. वर.

ह्यानं मान वळवली न्हाई. वात तेवढी सारीत ऱ्हायला.

पावलं परत खाली आली न्हाईत.

उजाडल्यावर सटवानं कुलूप तोडलं. खोली रिकामी. दिवा न्हाई, टोपलं न्हाई, चिमूटभर पीठ न्हाई. दोघं गच्चीवर गेले. तिथंबी कुणी न्हाई.

गावाकडच्या कठड्यावर मातर पिठाचे दोन पंजे उमटलेले. टेकून, निवांत गाव बघत उभं ऱ्हावं तसे.