मोजणीदाराचं जुळं यकृत

दोन यकृतं, दोन्ही एकाच माणसाची. एक त्या माणसाच्या पोटात, उजव्या बरगड्यांखाली; दुसरं विट्यातल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, काचेच्या डबीत. दोघांना रोज तेच अन्न आणि तेच पेय मिळत होतं. तरीही पोटातलं पिवळं पडलेलं होतं आणि डबीतलं छान तांबूस-तपकिरी. असं कसं?

हा प्रश्न वल्लरीला पडला तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि साल होतं २०५१.

पोटातलं यकृत तिच्या बाबांचं, हर्षलरावांचं. यकृत म्हणजे शरीराचं कोठारही आणि कारखानाही. खाल्ल्या-प्यायलेल्याचं काय करायचं, हे बहुतेक तिथेच ठरतं. डबीतलं जुळं यकृत पुण्याच्या रुग्णालयाने बाबांच्याच पेशींपासून (शरीराच्या अगदी सूक्ष्म घटकांपासून) वाढवलं होतं. ते अंगठ्याएवढं होतं. त्याहून मोठं वाढवणं अजून कोणाला जमलेलं नव्हतं. अख्खं यकृत उगवायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागतील, असं डॉक्टर म्हणायच्या. मृणालआत्यापाशी दहा-पंधरा वर्षं नव्हती. तिच्यापाशी जेमतेम तीन महिने होते.

मृणालआत्या बाबांची धाकटी बहीण. लहानपणी झालेल्या काविळीच्या एका विषाणूने तिचं यकृत आतून हळूहळू सुकवलं होतं. उपाय एकच: जुळणाऱ्या माणसाने आपल्या यकृताचा मोठा तुकडा द्यायचा. तपासण्या सगळ्या नात्यात झाल्या आणि जुळले एकटे बाबा. पण बाबांच्या यकृतात बावीस टक्के चरबी निघाली.

"दहाच्या आत आणा," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "नऊ आठवडे देते. चरबीचं यकृत कापलं तर तुमच्या बहिणीला उपयोग नाही आणि तुम्हालाही धोका."

म्हणून ती डबी घरी आली, आणि डबीबरोबर टिपणीस आला. टिपणीस हे यंत्रमानवाचं नाव. उंचीने कुकरएवढा, दोन बारीक हात, बोलणं मात्र सरकारी पत्रासारखं. बाबांनी दिवसभरात काय घेतलं ते त्याला सांगायचं. तो जुळ्याला त्याच प्रमाणात त्याचा थेंब थेंब पाजायचा. आत काय चाललंय ते बाहेर दिसावं, एवढाच हेतू.

तीन आठवड्यांत डबीतला रंग सुधारला. घरात सगळे खुशीत. मग बाबा पुण्याला तपासून आले. एकवीस टक्के.

"यंत्र बिघडलंय," बाबा म्हणाले.

"यंत्र बिघडलेलं नाही," टिपणीस म्हणाला. "मला जे सांगण्यात येतं, ते मी पाजतो."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसा उल्लेख माझ्याकडे नाही."

बाबा खोटं बोलणारे नव्हते. ते जमिनीचे मोजणीदार होते. दोन शेजाऱ्यांचा बांधावरून वाद झाला की उपग्रहाशी बोलणारी काठी घेऊन जायचं आणि हद्द कुठे आहे ते दाखवायचं, हे त्यांचं काम. बोटभराची चूक त्यांना चालायची नाही. असा माणूस रोज रात्री टिपणीसला सांगायचा, "दोन चहा. सकाळी एक, संध्याकाळी एक." आणि ते त्यांना मनापासून खरं वाटायचं.

शनिवारी वल्लरी त्यांच्याबरोबर मोजणीला गेली. गाव माळवाडी. दत्तूआबा आणि संजयनाना या दोन चुलतभावांचा अकरा वर्षांचा वाद.

गाडीतून उतरताच दत्तूआबांनी हाक मारली, "या साहेब, आधी चहा. मग काठी."

पितळी पेल्यातला चहा आला. वल्लरीने घोटभर घेतला आणि तिचे दात शिवशिवले. पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर घराची शोभा जाते, या धास्तीने आबांच्या घरातल्या काकींनी हात मोकळा सोडला होता. बाबांनी पेला संपवला आणि सरळ बांध ओलांडून संजयनानांच्या दारात गेले.

"तिकडं झाला ना?" नानांनी विचारलं. "मग आमच्यात काय विष आहे का?"

"छे हो, द्या की. निम्माच द्या."

निम्मा म्हणून आलेला पेला काठोकाठ होता. मोजणीदाराने एकाच्या घरी घेऊन दुसऱ्याच्या घरी नाकारलं तर हद्दही तिकडेच सरकली असं गाव धरून चालतं, हे वल्लरीला त्या दिवशी कळलं. त्यामुळे जितक्या वेळा आबांकडे, तितक्याच वेळा नानांकडे. मोजणीआधी, मोजणी चालू असताना, मोजणी संपल्यावर. मध्ये सरपंचांनी थंड पेयाची बाटली पाठवली. परतताना साक्षीदाराच्या गुऱ्हाळावर उसाचा रस, तोही मोठा ग्लास, "साहेब उन्हातनं आलेत" म्हणून. पुढे आणखी दोन गावं. तिथेही दोन-दोन घरं.

वल्लरी तळहातावर पेनाने रेघा मारत होती. संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून तिने मोजल्या. चहा तेरा, बाटली एक, रस एक.

घरात टिपणीसने नेहमीचा प्रश्न केला आणि बाबा बूट काढत म्हणाले, "दोन चहा."

"बाबा, तेरा!" तिने हात पुढे केला.

बाबांनी रेघा पाहिल्या आणि खरोखरच गोंधळले. "अगं, पण ते काय मी प्यायलो? ते त्यांनी पाजले."

"पोटात कोणाच्या गेले?"

मोठी माणसं अशीच मोजतात. घरचा कप तो आपला; लोकांकडचा कप त्या लोकांचा. निम्मा म्हटलेला तर कोणाचाच नाही.

"टिपणीस," वल्लरी म्हणाली, "हे सगळं पाज त्याला."

"एकदा पाजून फारसं दिसणार नाही," टिपणीस म्हणाला. "रोज हेच होत असेल तर रोज पाजावं लागेल."

"रोज हेच होतं," बाबा खाली बघत म्हणाले.

इवलंसं असल्याने जुळ्यावर परिणाम झपाट्याने दिसायचा. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी कडेला फिकट ठिपके. चौथ्या दिवशी डबीतलं यकृत जुन्या लोण्यासारखं पिवळट आणि फुगीर झालं. बाबा कट्ट्यापाशी उभे राहून ते बघत होते. आपल्याच पोटात डोकावून बघायची वेळ फार थोड्या माणसांवर येते.

वल्लरीने विचारलं. "साखरेची चरबी कशी होते? साखर तर पाण्यात विरघळते. चरबी कुठे विरघळते?"

टिपणीसने डबीसमोर भिंगाचा पडदा लावला. "साखरेचा प्रत्येक कण म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन भावंडं. एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. आतड्यात ती सुटी होतात. ग्लुकोज सगळ्या शरीराला चालतं. मेंदू वापरतो, स्नायू वापरतात. फ्रुक्टोजला मात्र फारशी दारं उघडी नसतात. ते बहुतांशी यकृताच्या दारात येतं."

"मग यकृत काय करतं?"

"थोडं असेल तर सहज मार्गी लावतं. पण एकदम खूप आलं आणि शरीराला तेवढ्या शक्तीची गरज नसली, तर त्याची मोडतोड करून चरबी बनवतं. ती चरबी बाहेर पाठवता येईल तेवढी पाठवतं. उरलेली स्वतःच्याच पेशींत थेंबाथेंबाने साठवतं. हे पिवळे ठिपके म्हणजे ते थेंब."

बाबांनी मान वर केली. "पेरूतही ती साखर असतेच की. पेरू खाऊन कोणाचं यकृत पिवळं झालेलं ऐकलं नाही."

"पेरू चावावा लागतो," टिपणीस म्हणाला. "त्यात तंतू (न पचणारा चोथा) असतात. साखर हळूहळू सुटते. आणि तीन पेरूंनंतर पोटच सांगतं, बास. प्यायलेल्या साखरेचं तसं नाही. ती झरझर पुढे जाते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे नीटसा पोचतच नाही. शनिवारी तुम्ही सुमारे चाळीस चमचे साखर प्यायलात. त्या दिवशी जेवण किती कमी केलंत?"

"उलट जास्तच जेवलो," बाबा म्हणाले. "दमलो होतो."

"आणि उसाचा रस? तो तर शेतातला, ताजा!" वल्लरीने बाबांच्या वतीने प्रयत्न करून पाहिला.

"तो म्हणजे कारखान्यात पोचायच्या आधीची साखर."

बाबांना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "आता पाच आठवडे उरलेत. हे थेंब परत जातात का?"

"येणारी साखर थांबली की यकृत साठवलेली चरबी जाळायला घेतं. रोज भरभर चाललात तर आणखी लवकर. पाच आठवड्यांत दहाच्या आत येईल का, हे मी सांगू शकत नाही. येऊ शकतं, एवढंच सांगतो."

घरातला चहा त्या दिवसापासून बिनसाखरेचा झाला. ते सोपं होतं. अवघड होती माळवाडी.

पुढच्या शनिवारी तिथे हद्दीच्या खुणा रोवायच्या होत्या. आबांच्या अंगणात पेला आला आणि बाबांनी हात जोडले. "आज नको, आबा."

आबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात बांधापलीकडून नानांचा आवाज आला, "नाही ना घेतला? आता इकडं घेतील बघ!" बाबा तिकडे गेले आणि तिथेही नको म्हणाले. मग तर दोन्ही घरं बिथरली.

"आमच्यात घेत नाही, त्यांच्यातही घेत नाही," आबा म्हणाले. "म्हणजे साहेबांनी तिसऱ्याच कोणाकडून घेतलेला दिसतोय. आम्ही सही करणार नाही."

"आम्ही पण नाही," नाना म्हणाले. अकरा वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

बाबा काठीवरची माती पुसू लागले. मोठ्या माणसांना आजार सांगण्यापेक्षा आजारी पडणं सोपं वाटतं. मग वल्लरीच बांधावर चढली.

"माझी आत्या मरेल," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक निघाला. "बाबांच्या यकृतातला तुकडा तिला द्यायचाय. साखरेच्या चहाने त्यात चरबी झालीय. ती चरबी महिन्याभरात गेली नाही तर डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत."

मग नानांच्या घरातल्या काकी चौकटीतून म्हणाल्या, "मग बिनसाखरेचा देऊ? पण असा चहा आम्ही सुतकात सुद्धा दिलेला नाही कोणाला, बाई."

"आमच्याकडचाही बिनसाखरेचाच," आबांच्या काकी लगेच म्हणाल्या.

दोन्हीकडून पेले बांधावर आले. नाना म्हणाले, "त्यांनी गुपचूप घातली असेल साखर. मान मिळवायला काय वाट्टेल ते करतील." आणि आबांच्या पेल्यातून स्वतःच घोट घेतला. आबांनी नानांचा पेला तपासला. दोघांनी तोंडं वाकडी केली.

"कडू आहे. घ्या साहेब," आबा म्हणाले.

बाबांनी दोन्हीकडचे दोन-दोन घोट घेतले आणि काठी रोवली. पुढच्या पाच मिनिटांत दोघे भाऊ पुन्हा वीतभर जमिनीवरून कडाकडा भांडत होते. पण बातमी त्यांच्या भांडणापेक्षा वेगाने पसरली. बाबा ज्या गावात जातील तिथे पेला येण्याआधी कोणीतरी विचारू लागलं, "साहेब, बहीण कशी आहे?" आणि पाठोपाठ पाणी, पातळ ताक किंवा कोरा चहा यायचा.

वल्लरी रोज रात्री खरा आकडा टिपणीसला सांगायची. जुळ्याच्या कडेचे ठिपके आधी गेले, मग मधले. एकदा बाबा गुपचूप उसाचा रस पिऊन आले आणि दारातच त्यांनी कबुली दिली. टिपणीसने तेवढे थेंब पाजले.

नवव्या आठवड्यात पुण्याला तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्याकडे दोनदा पाहिलं. "आठ टक्के. परवा सकाळी दोघांनाही घेऊ."

आदल्या संध्याकाळी आत्या खाटेवर बसून म्हणाली, "दादा, तुकडा चांगला बघून दे. लहानपणी आंबा वाटताना कोय मला द्यायचास."

"या वेळी फोड तुला," बाबा म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

डॉक्टरांनी वल्लरीला शेवटची गोष्ट सांगितली. शरीरातला हा एकच मोठा अवयव असा आहे, की निरोगी असेल तर कापल्यावरही वाढून जवळपास पहिल्याएवढा होतो. बाबांजवळ उरलेलंही वाढेल, आत्याकडे गेलेलंही वाढेल. दोन-तीन महिन्यांत.

ऑपरेशनला अकरा तास लागले. तिसऱ्या दिवशी वल्लरीला काचेआडून दोघांना बघू दिलं. शेजारी शेजारी दोन खाटा होत्या. तीन दिवसांत तोंडाने काहीच दिलेलं नव्हतं. परिचारिका वाटी आणि चमचा घेऊन आली. वाटीत साधं पाणी होतं, कोमट केलेलं. पहिला चमचा आत्याला, दुसरा बाबांना.

आत्याने डोळे मिटले. पाणी तिने लगेच गिळलं नाही; जिभेवर फिरवलं, थांबली, मग हळूच गिळलं. बाबांनीही तसंच केलं. मग दोघांनी डोळे उघडून एकदमच परिचारिकेकडे पाहिलं, आणि काचेपलीकडचं ऐकू येत नसूनही वल्लरीला नीट कळलं, की दोघे आणखी एक चमचा मागत आहेत.